इस्तंबूलची तटबंदी पायी: कुठे आतून चालायचं, कुठे बाहेरून

इस्तंबूलला जाऊन आलेलं कुणी भेटलं की मी हमखास विचारते, "पश्चिमेचा तट चाललात का?" उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात. "टोपकापीला गेलो होतो की, पण तिथे तर राजवाडा होता." "टॅक्सीतून जाताना दिसला." आणि "वर चढलो, पण पुढे वाटच संपली. उतरताना पाय लटपटायला लागले."

तिसरं उत्तर मला जास्त काळजीत टाकतं, कारण ते बहुतेक वेळा गडकोट हिंडलेल्या माणसांचं असतं. तट म्हटला की फांजीवर, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवर, चढायचं आणि बुरूज मोजत फेरी मारायची, हे आपल्या पायांत मुरलेलं आहे. सिंधुदुर्गाला ते जमतं. इथे फांजी जागोजागी तुटलेली आहे, कठडे नाहीत आणि पायऱ्या मध्येच संपतात. हा तट कडेकडेने चालायचा: कधी शहराच्या बाजूने, कधी खंदकाच्या बाजूने. बाजू बदलायची ती फक्त दरवाज्यांवर. कुठल्या टप्प्यात कोणती बाजू घ्यायची हे आधी ठरवलं नाही, तर तीन तास मोटारींचा आवाज ऐकत पदपथ तुडवाल आणि तट पाहायचाच राहील.

## चालण्याआधी दोन गोंधळ निस्तरा

टोपकापी दोन आहेत. प्रसिद्ध टोपकापी राजवाडा शहराच्या पूर्व टोकाला, गुल्हाने आणि सुलतानअहमत या ट्राम थांब्यांजवळ आहे. तटाचा टोपकापी दरवाजा तिथून पश्चिमेला सुमारे ५ किलोमीटरवर आहे. दोन्ही ठिकाणं टी-१ या एकाच ट्राममार्गावर असल्यामुळे चूक लगेच लक्षातही येत नाही. नकाशात नुसतं 'टोपकापी' टाकलं तर राजवाडा आधी येतो. टोपकापी नावाचा ट्राम थांबा मात्र तटाजवळचा आहे, राजवाड्याजवळचा नाही.

समुद्राकाठचा तट वेगळा. सुलतानअहमतच्या खाली, किनाऱ्याच्या रस्त्यालगत जुन्या भिंतीचे तुकडे दिसतात. ती समुद्राच्या बाजूची तटबंदी. तिथे फोटो काढून "तट झाला" म्हणणारे पुष्कळ आहेत. आपण चालणार आहोत तो जमिनीवरचा तट: दक्षिणेला मार्मरा समुद्रापासून उत्तरेला हालिच खाडीपर्यंत, सुमारे साडेसहा किलोमीटर. दरवाज्यांतून आतबाहेर करत, थोड्या वाकड्या वाटा घेत चाललं की आठ-नऊ किलोमीटर पाय झिजतात.

## तटाची रचना दोन मिनिटांत

ही रचना डोक्यात नसेल तर आपण नक्की कुठे उभे आहोत हेच कळत नाही. बाहेरून आत येताना क्रम असा: आधी सुमारे २० मीटर रुंद खंदक, मग बाहेरचा ठेंगणा तट, त्यामागे १५ ते २० मीटरची मोकळी पट्टी, आणि शेवटी आतला मोठा तट. आतला तट सुमारे १२ मीटर उंच, जाडी ५ मीटरच्या आसपास. त्यावर मुळात ९६ बुरूज होते. दोन बुरुजांमधलं अंतर साधारण ५५ मीटर, म्हणजे १८ बुरूज मागे पडले की एक किलोमीटर झाला असं धरा. फोनची बॅटरी संपली तरी हा हिशेब चालतो.

भाषेची एक सोय आपल्याला फुकट मिळाली आहे. तुर्कीत खंदकाला 'हेंदेक', बुरुजाला 'बुर्च', तोफेला 'टोप' आणि किल्ल्याला 'काले' म्हणतात. 'कापी' म्हणजे दरवाजा. टोपकापी म्हणजे सरळसरळ तोफ दरवाजा. येदिकुलेजवळ एका भाजीवाल्या आजोबांना मी हाताने खूण करून "खंदक?" असं विचारलं, तर त्यांनी हातातली मुळ्याची जुडी खाली ठेवून "हेंदेक, हेंदेक!" म्हणत कुठून वळायचं ते दाखवलं. इंग्रजीत विचारून दोनदा हात हलले होते तिथे हा एक शब्द पुरला.

पाट्यांवरचे तीन शब्द मात्र पाठच करा. 'दिक्कात' म्हणजे सावधान, 'गिरिलमेझ' म्हणजे प्रवेश नाही, 'यासाक' म्हणजे मनाई. पाट्या रोमन लिपीत असतात, म्हणून आदल्या दिवशी फोनच्या भाषांतर ॲपमध्ये हे शब्द लिहिलेले कसे दिसतात ते बघून ठेवा.

## तयारी

बूट. जाड तळव्याचे, घोटा सांभाळणारे. दोन तटांमधल्या पट्टीत गवताखाली विटांचे तुकडे, दगड आणि फुटकी काच असते. चप्पल किंवा सपाट तळव्याचे बूट नकोत.

पाणी आणि खाणं. माणशी किमान एक लिटर. पहिल्या तीन टप्प्यांत तटालगत दुकानं तुरळक आहेत, दरवाज्यांच्या आत वस्तीत शिरल्यावरच मिळतात. सिमित, म्हणजे तीळ लावलेला गोल पाव, निघतानाच पिशवीत टाका. शाकाहारींनी एदिर्नेकापीला पोचून मसुराचं सूप मागायचं. 'मर्जिमेक' एवढं म्हटलं की पुरतं, पण ते मटणाच्या रश्शात केलेलं नाही ना हे विचारून घ्या.

कार्ड. ट्राम, मेट्रो, मार्मराय रेल्वे, बस आणि बोट यांना एकच इस्तंबूलकार्ट चालतं. ते आदल्या दिवशीच लिरा भरून तयार ठेवा. एका कार्डावर दोघंतिघं जाऊ शकतात.

नकाशा. इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा उतरवून घ्या आणि या नऊ जागा आधीच खूण करून ठेवा: काझलीचेश्मे स्टेशन, येदिकुले किल्ला, बेलग्रादकापी, सिलिव्रीकापी, मेव्लानाकापी, टोपकापी दरवाजा, एदिर्नेकापी, तेकफुर राजवाडा, आयवानसराय. रस्त्यात उभं राहून टाइप करत बसू नका. 'कापी'मधलं शेवटचं अक्षर तुर्कीत टिंब नसलेलं 'आय' आहे, साधं 'आय' टाकलं तरी नकाशाला कळतं.

कपडे. वाटेत मशिदी आहेत. गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे, बायकांनी डोक्यावर घ्यायला ओढणी.

सोबत. इथे मी आडपडदा न ठेवता लिहिते. दोन तटांमधली पट्टी, बुरुजांची पोटं आणि तटातल्या बंद देवड्या काही ठिकाणी अगदी निर्जन असतात, काहींत माणसं राहतात. एकट्याने, मग बाई असो वा पुरुष, या जागांत शिरू नये. रस्त्यालगतच्या बाजूने दिवसाउजेडी एकट्याने चालायला हरकत नाही. पासपोर्टची प्रत जवळ असू द्या. आणीबाणीचा एकच नंबर, ११२.

> तपासा: येदिकुले किल्ला, तेकफुर राजवाडा आणि कारिये (मोझेकसाठी प्रसिद्ध असलेलं जुनं चर्च) या तिन्हींच्या सुट्ट्या आणि वेळा आदल्या रात्री बघा. कारिये मे २०२४ पासून मशीद म्हणून खुली आहे, त्यामुळे नमाजाच्या वेळी पर्यटकांना थांबावं लागतं. शुक्रवार तर टाळाच.

## दिशा आणि वेळ

दक्षिणेकडून उत्तरेकडे चाला. मी पहिल्यांदा उलटं केलं होतं. ऑगस्टमध्ये दुपारी चार वाजता हालिचच्या काठावरून निघाले. पहिल्या अर्ध्या तासातच चढाने दम काढला, पुढे उतरतं ऊन थेट तोंडावर, आणि येदिकुलेच्या अलीकडे अंधार पडला. शेवटचे दोन दरवाजे मी मोटाररस्त्याच्या कडेने, मागे वळून बघत चालले. काय पाहिलं ते आज आठवतही नाही.

दक्षिणेकडून निघालात तर चढ लांबवर पसरलेला आणि सौम्य मिळतो. समुद्रकाठापासून एदिर्नेकापीपर्यंत सुमारे ७५ मीटर चढायचं, मध्ये एक उतार, आणि शेवटी हालिचपर्यंत खालीच खाली. ऊन बहुतेक वेळ पाठीवर किंवा खांद्यावर राहतं. तटाचं बाहेरचं तोंड पश्चिमेला आहे, सकाळी त्यावर सावली असते. दगड-विटांचे पट्टे नीट दिसायचे तर दुपारचा उजेड हवा. म्हणून साडेआठला सुरुवात करा, येदिकुले किल्ला सकाळीच उरका आणि बाहेरचे मोठे टप्पे अकरानंतर घ्या.

नुसतं चालणं अडीच-तीन तासांचं. थांबे धरून सहा तास. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. पावसाच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका, मातीचे उतार निसरडे असतात आणि सुटलेले दगड त्याच वेळी खाली येतात.

## टप्पा १: काझलीचेश्मे ते येदिकुले किल्ला

सिर्केजी किंवा येनीकापीहून मार्मराय रेल्वे पकडा. येनीकापीनंतरचं पहिलंच स्टेशन काझलीचेश्मे. ते तटाच्या बाहेर, पश्चिमेला आहे. बाहेर पडून पूर्वेकडे चालू लागलात की पंधरा मिनिटांच्या आत बुरूज दिसतात.

तटाचं दक्षिण टोक म्हणजे संगमरवरी बुरूज, किनाऱ्याच्या मोटाररस्त्यापलीकडे पाण्याच्या काठाला आहे. तो पाहायचा तर सुरुवातीलाच किनाऱ्यावरच्या बागेतून जाऊन या. तिथून तटाला धरून सरळ येदिकुलेपर्यंत यायचा मोह होईल, पण मध्ये रेल्वेचे रूळ आणि वेगवान वाहतूक आहे. वेळ कमी असेल तर हा बुरूज सोडा, मोठं काही हुकत नाही.

किल्ल्याचं तिकीट शहराच्या बाजूला मिळतं. बाहेरच्या बाजूने फेऱ्या मारून "बंद आहे" म्हणत परतणारे मी स्वतः पाहिले आहेत. किल्ल्याच्या उत्तरेला लागूनच येदिकुले दरवाजा आहे, त्यातून आत या आणि उजवीकडे वळा. दरवाज्यातून आत आल्यावर मागे वळून कमानीच्या वर बघा, दगडात कोरलेला गरुड आहे.

सोनेरी दरवाजा या किल्ल्याच्या आतच येतो. तो चिणून बंद केलेला असल्यामुळे नुसती भिंत समजून माणसं पुढे जातात. तीन कमानींच्या आकृत्या आणि दोन्ही अंगांचे संगमरवरी चौकोनी बुरूज शोधा. उंचीवर जायची हौस भागवायची असेल तर ती इथेच, तिकीट असलेल्या आणि राखणदार असलेल्या जागेत. दोरी लावलेली दिसली की मागे फिरा.

> सावध: जुन्या दरवाज्यांमधून मोटारी जातात आणि कमान एकाच गाडीपुरती असते. तुर्कीत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणजे रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. आपली मान सवयीने उजवीकडे वळते, आणि याच चुकीमुळे माझी मावशी सिलिव्रीकापीपाशी थोडक्यात वाचली.

## टप्पा २: येदिकुले ते बेलग्रादकापी (बाहेरून)

येदिकुले दरवाज्यातून पुन्हा बाहेर या आणि तट उजव्या हाताला ठेवून उत्तरेकडे चला. अंतर पाऊण किलोमीटरच्याही आत आहे, पण घाई करू नका.

खंदकात इथे भाजीचे मळे आहेत. त्यांना बोस्तान म्हणतात. पालेभाज्या, कांद्याची पात, मुळे, आणि येदिकुलेचं नाव ज्याला चिकटलं आहे ते लांब पानांचं लेट्यूस. पदपथावरून खाली बघितलं की ओळीने वाफे, पाण्याचे पाट आणि त्यामागे तट असं दिसतं. तटाच्या फटींतून अंजिराची झाडं उगवली आहेत. त्यांची मुळं दगड कशी सोडवत नेतात ते जवळून पाहिलं की वर का चढू नये, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मळ्यात न विचारता उतरू नका. ती कुणाची तरी रोजची शेती आहे, बाग नव्हे. उभं राहून हात केला तर बहुतेक जण बोलावतात, आणि मग जुडी विकत घ्यावी.

## टप्पा ३: बेलग्रादकापी ते सिलिव्रीकापी (रचना नीट पाहायची ती इथे)

सगळ्या वाटेत जास्तीत जास्त वेळ द्यावा असा हा टप्पा आहे. बेलग्रादकापीच्या आसपास खंदक, बाहेरचा तट, मधली पट्टी आणि आतला तट, सगळं एकाच नजरेत येतं. दरवाज्यातून आत जाताना मध्येच थांबा: एक कमान मागे, एक पुढे, आणि डावी-उजवीकडे मोकळी पट्टी. त्या पट्टीत तुम्ही हल्लेखोर म्हणून सापडला असतात तर चारी बाजूंनी मारा झाला असता. एवढं मनाशी उभं केलं की उरलेले सगळे दरवाजे आपोआप कळतात.

मधली पट्टी मोकळी असेल, माणसं फिरताना दिसत असतील आणि तुम्ही दोघं तरी असाल, तर थोडं आत शिरून तटाला हात लावून बघा. चुनखडीच्या घडीव दगडांचे थर आणि मधूनमधून विटांचा आडवा पट्टा दिसेल. विटा मोजा, बहुतेक पट्ट्यांत पाच ओळी भरतात. हे पट्टे तटाच्या जाडीतून आरपार जातात आणि दोन्ही तोंडं आणि मधला भराव बांधून ठेवतात. चुन्याचा रंग गुलाबीसर असतो, कारण त्यात विटांचा चुरा आहे. आपल्याकडची चुना-सुर्खी तीच. जिथे दगडांच्या कडा धारदार आणि विटा एकसारख्या लाल दिसतात, तो भाग अलीकडच्या दुरुस्तीचा. जुनं आणि नवं वेगळं ओळखता आलं की पुढचा प्रत्येक बुरूज वाचता येतो.

मग बाहेर येऊन पुढे चला. दुरुस्तीसाठी पत्रे लावून रस्ता बंद केलेला असेल तर पत्र्याच्या फटीतून घुसू नका. मागच्या दरवाज्यापर्यंत परत जा आणि आतल्या गल्लीने पुढचा दरवाजा गाठा. दहा मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

> तपासा: सिलिव्रीकापीला पोचल्यावर पाण्याची बाटली बघा. अर्ध्याहून कमी असेल तर आत वस्तीत जाऊन भरून घ्या. आतच हादिम इब्राहिम पाशा मशीद आहे, ऑटोमन वास्तुकार मिमार सिनानने १५५१ मध्ये बांधलेली. मशिदींजवळ सार्वजनिक स्वच्छतागृहं असतात, सुटे लिरा हाताशी ठेवा.

## टप्पा ४: सिलिव्रीकापी ते मेव्लानाकापी (बाहेरून)

रुंद रस्ता, पलीकडे सरूची झाडं आणि कबरस्तानं, अलीकडे तट. अंतर किलोमीटरच्या आतबाहेर. इथे तटाला अगदी खेटून चालण्यापेक्षा खंदकाच्या बाहेरच्या काठाने चाला, उंचीचा अंदाज तिथूनच येतो.

वाकडी वाट करायची असेल तर सिलिव्रीकापीपासून पश्चिमेला काही मिनिटांवर बालिक्ली हे ग्रीक चर्च आहे, जिवंत झरा आणि त्यात मासे. येऊन-जाऊन पाऊण तास धरा. दिवस लहान असेल तर सोडा.

मेव्लानाकापीच्या दरवाज्यावर लॅटिन आणि ग्रीक शिलालेख आहेत. इ.स. ४४७ मध्ये भूकंपाने तट कोसळला आणि दोन महिन्यांच्या आत पुन्हा उभा केला, ती नोंद. कमानीखाली उभं राहून वर बघू नका, गाड्या येतात. आधी बाजूला उभं राहून वाचा, मग कमान ओलांडा.

## टप्पा ५: मेव्लानाकापी ते टोपकापी (बाहेरून, पण लक्ष रस्त्यावर)

हा टप्पा भरभर उरका. मोठा मिल्लेत रस्ता आणि टी-१ ट्राम तटाला चिरून आरपार जातात, आणि तट मध्येच नाहीसा झाल्यासारखा वाटतो. इथेच लोक चुकतात. रस्त्याच्या वळणाबरोबर डावीकडे भरकटतात आणि बसस्थानकांच्या गर्दीत सापडतात. ट्रामचे रूळ दिसले की थांबा, नकाशा उघडा, पादचाऱ्यांच्या मार्गानेच ओलांडा आणि पलीकडे तट पुन्हा उजव्या हाताला आला की नाही ते बघा.

तटाबाहेरचा ट्राम थांबा टोपकापी, आतला पाझारतेक्के. पाय बोलायला लागले असतील तर मोडायची सोयीची जागा ही. उरलेलं दुसऱ्या दिवशी इथूनच सुरू करता येतं.

## टप्पा ६: टोपकापी ते एदिर्नेकापी (बाहेरून, बुरुजांत न शिरता)

टोपकापीनंतर जमीन उतरते, खाली वातान नावाचा दुसरा रुंद रस्ता तटाला फोडून जातो, आणि मग एदिर्नेकापीपर्यंत लांब चढ. ऑटोमनांनी शहर जिंकलं त्या १४५३ च्या वेढ्यात तोफांचा मुख्य मारा या उतारावर झाला. तट सगळ्यात जास्त मोडला आहे तो इथे.

मोडका तट चढायला सोपा दिसतो, आणि इथले अपघात त्यातूनच होतात. ढासळलेला ढिगारा पायऱ्यांसारखा वर जातो, पण वर पोचल्यावर पलीकडे दहा-बारा मीटरची सरळ कड असते आणि पायाखालचा भराव सुटा. वर चढलेली माणसं दिसली तरी त्यांच्या मागे जाऊ नका.

भटकी कुत्री या पट्ट्यात मोठी असतात. कानाला बिल्ला असलेली कुत्री नगरपालिकेने लस टोचलेली आणि बहुतेक शांत असतात. तरी झोपलेल्या टोळीच्या मधून न जाता लांबून वळसा घ्या, आणि पळू नका.

वातान रस्ता ओलांडताना धावायचं नाही. जवळच टोपकापी-उलुबातली मेट्रो स्टेशन आहे, तिथल्या पादचारी मार्गाने पलीकडे जा.

> सावध: या टप्प्यावर पोचेपर्यंत सूर्यास्ताला दीड तासाहून कमी राहिला असेल तर इथेच थांबा आणि मेट्रो पकडा.

## टप्पा ७: एदिर्नेकापी ते तेकफुर राजवाडा (इथून आत)

एदिर्नेकापी हे तटाचं सर्वांत उंच ठिकाण. बाहेर ट्राम, मेट्रोबस आणि गाड्यांचा गलका. दरवाज्यातून आत शिरलं की आवाज एकदम खाली बसतो. मिहरिमाह सुलतान मशीद दरवाज्याच्या आतच आहे. बूट काढा, पंधरा मिनिटं पाय पसरून बसा. आत ऊन कसं पसरतं ते गालिच्यावर बसूनच कळतं, उभ्या उभ्या डोकावून नाही.

जेवण इथे उरका. मग कारिये. परदेशी प्रवाशांना तिकीट आहे. भित्तिचित्रं आणि मोझेक पाहायला तासभर राखून ठेवा. नमाजाची वेळ आडवी आली तर क्रम उलटा करा: आधी तेकफुर, मग परत कारिये. दोन्हींत दहा मिनिटांचंही अंतर नाही.

तेकफुर राजवाडा तटालाच जोडलेला आहे. २०१९ पासून तिथे संग्रहालय आहे. वरून हालिचच्या दिशेने उतरत जाणारा तट दिसतो. त्याच उतारावरून तुम्हाला आता जायचं आहे, म्हणून पुढची वाट इथूनच नजरेखाली घाला.

## टप्पा ८: तेकफुर ते आयवानसराय (एरीकापीतून बाहेर)

तेकफुरपाशी दुहेरी तट आणि खंदक दोन्ही संपतात. पुढे एकच, पण जाडजूड भिंत आणि थोराड बुरूज. "दुसरा तट कुठे गेला?" म्हणून मागे फिरू नका, वाट बरोबर आहे.

आतल्या गल्लीने एरीकापी गाठा. नावाचा अर्थ वाकडा दरवाजा: समोरच्या कबरीला वळसा घालून गल्ली तिथे वाकते. त्यातून बाहेर पडा आणि भिंत उजव्या हाताला ठेवून खाली उतरा. गल्ल्या अरुंद आणि उताराच्या आहेत, फरसबंदी पावसात गुळगुळीत होते. अंगणातली बाया-माणसं, वाळत घातलेले कपडे यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

शेवटच्या उतारावर आनेमासचे बुरूज येतात, एके काळचा तुरुंग. मागे इवाझ एफेंदी मशिदीचा घुमट तटावरून डोकावतो. इथल्या पोकळ्यांतही डोकं घालू नका.

डोक्यावरून हालिच पुलाचा आवाज येऊ लागला की पाणी दोन मिनिटांवर. आयवानसराय थांब्यावरून टी-५ ट्राम एमिनोन्यूला जाते. काठावर बोटीचा धक्काही आहे, पण बोटी कमी असतात, तेव्हा आधी धक्क्यावरचं वेळापत्रक बघा आणि मगच चहा मागवा.

## एवढा वेळ नसेल तर

तीन तास हाताशी असतील तर एदिर्नेकापीला ट्रामने उतरा आणि टप्पा ७ व ८ करा, सगळी वाट उताराची आहे. वडीलधारे किंवा लहान मुलं सोबत असतील तर टप्पा १ ते ३ घ्या आणि सिलिव्रीकापीहून टॅक्सीने परता. मधले ५ आणि ६ एकटे वेगळे करू नका. अख्खी वाट चालणाऱ्याला ते जोडणी म्हणून लागतात, बाकी कुणाला त्यांतून फारसं हाती लागत नाही. आणि अर्ध्या वाटेवर सोडावं लागलं तर कुठल्या दरवाज्यावर थांबलात, त्याच्या आत होतात की बाहेर, हे फोनमध्ये लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला तिथूनच निघता येईल.